हिशेबाचा कागद लेकीसमोर ठेवा

पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही सोलापूरला अक्कलकोट रोडच्या बाजूला राहतो. यजमान शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्टर आहेत, महिन्याला २२,००० येतात. मी घरी कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून विकते, त्यातून ८-९ हजार सुटतात. आम्ही खुल्या प्रवर्गातले, ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) दाखला काढलाय. थोरली लेक बारावी सायन्स झाली, सीईटीला चांगले पर्सेंटाइल पडले. कॅपमधून, म्हणजे सरकारी प्रवेश प्रक्रियेतून, सोलापुरातल्याच एका कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला नंबर लागलाय, पण तिचं मन पुण्यात आहे. तिथल्या एका खासगी विद्यापीठात मॅनेजमेंटची सीट मिळवून देतो, असं एक ओळखीचा माणूस म्हणतोय. चार वर्षांचे १४ लाख. त्यातले ५०,००० आठ दिवसांत बुकिंगचे द्या म्हणतो. मोहोळकडे यजमानांच्या नावावर दीड एकर कोरडवाहू आहे. ते म्हणतात, विकून टाकू. सासूबाई म्हणतात, पोरीवर एवढा पैसा घालायचा आणि लग्नात परत द्यायचा, कशाला? माझ्याकडं ८ तोळे सोनं आहे. धाकटा दहावीत आहे. मला रात्रीची झोप नाही. लेकीला यातलं काहीच सांगितलेलं नाही. तिला वाटतं, बाबांनी सोय केलीय. मला म्हणते, ‘आई, तू उगं कशाला काळजी करायलीस?’ ताई, जमीन विकू, सोनं मोडू, कर्ज काढू, की तिला नाही म्हणू?
– एक आई, सोलापूर

उत्तर:

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही चार प्रश्न विचारलेत आणि चारही पैशांचे आहेत. पण माझी नजर प्रत्येक वेळी एकाच ओळीवर थांबली, ‘लेकीला यातलं काहीच सांगितलेलं नाही’. जमिनीचं, सोन्याचं, कर्जाचं सगळं सांगते. पण आधी दोन गोष्टी आजच्या आज करा. त्या माणसाला ५०,००० देऊ नका. आणि कॅपमधून मिळालेली सोलापूरची जागा हातची जाऊ देऊ नका, तिची मुदत चुकवू नका.

बुकिंगचे पैसे मागणाऱ्यांची घाई त्यांच्या फायद्याची असते. आठ दिवसांत तुम्ही कुणाला विचारू नये, हिशेब मांडू नये, यासाठीच ती मुदत असते. संस्थेला खरंच प्रवेश द्यायचा असेल तर पैसे संस्थेच्या खात्यावर जातात आणि छापील पावती मिळते. मधल्या माणसाच्या हाती रोख द्यायची गरज पडत नाही. ठरलेल्या फीवर वरून मागितलेलं ‘डोनेशन’ तर महाराष्ट्रात १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्यानं बेकायदा आहे. त्याच्या १४ लाखांत फी किती आणि बाकीचं काय, हे कागदावर लिहून मागा. तो लिहून देणार नाही असंच मला वाटतं.

आता लेकीला न सांगण्याबद्दल. हे मी पुस्तकातलं बोलत नाही, आमच्या घरातलं सांगते.

माझे वडील सोलापुरात गिरणीत होते. भोंगा वाजला की घर जागं व्हायचं, तो काळ. माझा थोरला भाऊ अभ्यासात हुशार. त्याला बाहेरगावी इंजिनिअरिंगला घातलं, पैसे भरून. वडिलांनी ते पैसे शेकडा तीनच्या व्याजानं उचलले होते. महिन्याला शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. आईला अर्धवट माहीत होतं, आम्हा मुलांना काहीच नाही. पोरगा शिकतोय, त्याच्या डोक्याला ताप नको, असं वडिलांचं म्हणणं. भाऊ दुसऱ्या वर्षाला असताना जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला घरी आला. आम्ही सगळी काठ्यांची मिरवणूक बघून घरी आलो, तर सावकाराचा माणूस ओट्यावर बसलेला. भावाला सगळं कळलं ते त्या माणसाच्या तोंडून, गल्लीतल्या लोकांदेखत. तो परत कॉलेजला गेलाच नाही. वडिलांना एवढंच म्हणाला, ‘मला विचारलं असतं तर मी इथंच पॉलिटेक्निकला बसलो असतो.’ वडिलांकडं त्याला उत्तर नव्हतं. पुढं त्यानं नोकरी करत डिप्लोमा केला, आज त्याचं बरं चाललंय. पण कर्ज फिटल्यावरही त्या दोघांमधलं बोलणं पूर्वीसारखं झालं नाही.

म्हणून पुढं मी बँकेत नोकरीला लागल्यावर कर्जाच्या टेबलावर कुणी आईबाप आले, की माझा पहिला प्रश्न असायचा, ‘मुलाला हे माहीत आहे का?’ निम्म्याहून जास्त वेळा दोघं एकमेकांकडं बघायचे.

तुमची लेक अठरा वर्षांची होतेय. शैक्षणिक कर्ज काढलं तर त्यावर पहिली सही तिची असेल, तुम्ही दोघं सहकर्जदार. ती मतदान करेल, बँकेत खातं चालवेल, आणि तिच्या नावावर किती लाखांचा बोजा चढतोय हे तिला ठाऊक नाही, हे बरोबर नाही. तुम्ही प्रेमापोटीच गप्प आहात. पण यात तिच्या हातून निवड निघून जातेय. ती पुणे मागतेय, कारण तिच्या डोळ्यांसमोर पुणं एवढंच आहे, पुण्याची किंमत नाही. किंमत दिसल्यावरही तिनं पुणंच मागितलं, तर ती वेगळी गोष्ट होईल.

येत्या रविवारी कामं आवरल्यावर वहीचा एक मोठा कागद घ्या. तुम्ही, यजमान, लेक आणि धाकटाही. धाकट्याला उठवून लावू नका, त्याचाही या हिशेबाशी संबंध आहे. सासूबाईंनाही बसू द्या. वर घरची कमाई लिहा. यजमानांचे वर्षाचे २,६४,०००, तुमचे साधारण १,०२,०००, मिळून ३,६६,०००. तुमची कमाई त्या कागदावर लिहायला लाजू नका. पहाटे उठून भाजलेल्या भाकरीचे ते पैसे आहेत.

मग खाली तीन रकाने पाडा.

पहिला रकाना पुण्याच्या मॅनेजमेंटच्या सीटचा. १४ लाख त्या माणसानं सांगितलेले. त्यात राहणं-खाणं धरलेलं नसणार. पुण्यात कॉट बेसिसवर राहणं आणि मेस मिळून महिन्याला मी ११,००० धरते. वर्षाचे अकरा महिने म्हटले तर १,२१,०००, चार वर्षांचे ४,८४,०००. लॅपटॉपचे ६०,०००. बेरीज १९,४४,०००. यात येण्याजाण्याचं भाडं नाही, आजारपण नाही, दिवाळीचा ड्रेस नाही. तुमच्या घरातल्या पाच वर्षांच्या सगळ्या कमाईला, त्यातला एक रुपयाही खाल्ला नाही असं धरलं तरी, ही रक्कम पुरून उरते. हे वाक्य लेकीला वाचून दाखवू नका. आकडे तिच्याच हातानं लिहू द्या, बेरीजही तिलाच करू द्या.

दुसरा रकाना सोलापूरच्या कॅपच्या जागेचा. इथं तुम्हाला बहुधा कुणी नीट सांगितलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्र सरकारनं ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ केली आहे. अट अशी, की प्रवेश सरकारी केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. खासगी विनाअनुदानित कॉलेजही यात बसतं. पण खासगी विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ आणि मॅनेजमेंट कोटा यात बसत नाहीत. म्हणजे तुमच्या लेकीच्या पायाशी एक दार उघडं आहे आणि तुम्ही १४ लाख देऊन दुसरं दार ठोठावायला निघालात. रागावून बोलत नाही. जी माहिती गावातल्या प्रत्येक शाळेच्या फळ्यावर लिहिलेली असायला हवी, ती तुमच्यापर्यंत पोचली नाही याचं मला वाईट वाटतं.

माफी शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची आहे, सगळ्याच पैशांची नाही. विकास शुल्क, जिमखाना, ओळखपत्र, अनामत हे भरावं लागतं. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन फीची फोड लेखी मागा. कोणता आकडा माफ होतो आणि कोणता भरायचा, त्यावर खूण करून घ्या. मी जरा जास्तच धरते, वर्षाला ३०,०००, चार वर्षांचे १,२०,०००. लॅपटॉपचे ६०,०००. बेरीज १,८०,०००. जेवण घरचं.

पहिल्या आणि दुसऱ्या रकान्यातला फरक बघितल्यावर घरात जरा वेळ कुणी बोलणार नाही. त्या वेळी तुम्हीही बोलू नका.

तिसरा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण लेकीच्या मनाचा मान त्यात राहतो. पुणं हवं असेल तर पुण्यातलं कॉलेज कॅपमधून. फेऱ्या बाकी असतील तर पसंतीक्रम पुन्हा बघा, बेटरमेंटचा, म्हणजे वरची पसंती मिळवायचा, पर्याय राखा, पुण्याची, सांगलीची कॉलेजं वर टाका. मात्र फ्रीज केल्यावर, म्हणजे मिळालेली जागा पक्की केल्यावर, काय होतं, वरची पसंती मिळाली तर आधीची जागा सुटते का, हे सुविधा केंद्रावर विचारूनच बटण दाबा. तिथं नंबर लागला तर फी इथल्यासारखीच माफ. उरतं ते राहणं-खाणं. ४,८४,००० अधिक १,२०,००० अधिक ६०,०००, म्हणजे ६,६४,०००. कॉलेजच्याच मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली तर यातले बरेच कमी होतील.

आणि इथंच तुमच्या दीड एकराचं काम येतं. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता म्हणून एक योजना आहे, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी. कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या आणि वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना त्यातून दरवर्षी भत्ता मिळतो, शहराप्रमाणे रक्कम ठरते. दीड एकर म्हणजे तुम्ही अल्पभूधारक. तहसीलमधून तसा दाखला काढा. जी जमीन विकून तुम्ही फी भरणार होता, तिचा सातबाराच लेकीच्या जेवणाचे पैसे आणू शकतो. विकलीत तर तो दाखलाही गेला.

हे सगळे अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर करायचे असतात. इथं लोकांची फार दमछाक होते, म्हणून आधीच सावध करते. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा आणि चालू वर्षाचा हवा. ईडब्ल्यूएसच्या दाखल्याचंही वर्ष तपासा, मागच्या वर्षीचा असेल तर नवा काढा. लेकीचं बँक खातं आधारला जोडलेलं हवं, तेही पैसे जमा होण्यासाठी जोडलेलं. नुसतं केवायसी झालं म्हणजे ते झालं असं नाही. बँकेत जाऊन ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग झालंय का’ असंच विचारा. अर्ज दरवर्षी करावा लागतो. पहिल्या वर्षी केला आणि दुसऱ्या वर्षी रिन्यूअल राहिलं, म्हणून पूर्ण फी भरावी लागलेल्या मुली मी बघितल्यात. अर्ज कॉलेजच्या लॉगिनवर अडकून बसतो, तिथल्या क्लार्कला आठवड्यातून एकदा भेटायला लेकीला सांगा, तुम्ही जाऊ नका. तिचं काम तिला करू द्या. आणि माफी असलेल्या मुलींकडून ती फी आधी भरून घेऊ नका, अशा सूचना सरकारनं कॉलेजांना दिलेल्या आहेत. कुणी ‘आत्ता भरा, नंतर परत मिळतील’ म्हणालं, तर ते लेखी मागा.

कर्जाला घाबरू नका, पण कोणतं कर्ज हे बघा. सावकार नको, हे मी वर सांगितलंच. भिशी लॅपटॉपसाठी चालेल, फीसाठी नको, कारण भिशीचा नंबर तुमच्या वेळेला लागेल याची खात्री नसते. सरकारी बँकेच्या शैक्षणिक कर्जात ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, आईबाप सहकर्जदार असले की पुरतं. ७.५ लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारच्या पतहमी योजनेचा आधार असतो, तिथंही जमीन गहाण मागायचं कारण नाही. हप्ता शिक्षण संपल्यावर एक वर्षानं सुरू होतो. बऱ्याच बँका मुलींना व्याजात अर्धा टक्का सूट देतात.

तुमच्या घराचं उत्पन्न ४.५ लाखांच्या आत आहे. त्यामुळं मान्यताप्राप्त संस्थेतल्या तांत्रिक किंवा व्यावसायिक शिक्षणासाठी शिकण्याच्या काळातलं आणि पुढच्या एका वर्षाचं व्याज केंद्र सरकार भरतं. कॉलेजला नॅक किंवा एनबीएचं मानांकन आहे का, हे तेवढं बघून घ्या. ६ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रानं पीएम विद्यालक्ष्मी योजनाही मंजूर केली, निवडक दर्जेदार संस्थांमध्ये गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्या मुलांना विनातारण, विनाजामीन कर्ज देणारी. मॅनेजमेंट कोट्याच्या प्रवेशाला ती लागू नाही. पुन्हा तेच, प्रवेश कोणत्या दारानं झाला यावर सगळं अडतं.

दोन्ही कर्जं शेजारी ठेवून बघू. समजा पहिल्या रकान्यासाठी जमीन विकून काही भागवलंत आणि वर्षाला २ लाखांप्रमाणे ८ लाखांचं कर्ज काढलंत. व्याज सोपं पडावं म्हणून १० टक्के धरते. शिकतानाचं आणि पुढच्या वर्षाचं सरळव्याज २,८०,००० होतं. ते मुद्दलात मिळून १०,८०,००० आणि दहा वर्षांच्या फेडीला महिन्याचा हप्ता १४,२७० च्या आसपास. ८ लाख घेतले आणि १७ लाखांवर परत केले. लेकीची पहिली नोकरी २५,००० ची असली तर निम्म्याहून जास्त पगार हप्त्यात. दुसऱ्या रकान्यासाठी सोलापुरातच २ लाख घेतलेत आणि व्याजाची सवलत मिळाली, तर पाच वर्षांच्या फेडीला हप्ता साधारण ४,२५० येतो. एवढा हप्ता ती पहिल्या पगारातून फेडेल आणि घरीही पाठवेल.

बँकेत गेल्यावर ‘एफडी ठेवा’, ‘पॉलिसी काढा’ असं कुणी सुचवलं तर नाही म्हणा. कर्ज नाकारलं तर कारण लेखी मागा. माझ्यासमोर एका शाखेत एका विडी वळणाऱ्या बाईला ‘मॅडम सुट्टीवर आहेत, पुढच्या आठवड्यात या’ असं तीनदा सांगून परत पाठवलं होतं. चौथ्यांदा ती मुलीला घेऊन आली आणि मुलीनं शांतपणे लेखी नकार मागितला. त्याच दिवशी अर्ज घेतला गेला. त्या मुलीचा आवाज थरथरत होता, तरी ती खुर्चीवरून उठली नाही. माझ्या नोकरीतले फार थोडे दिवस मला इतके स्पष्ट आठवतात.

जमिनीबद्दल माझं मत सरळ आहे. विकू नका. कोरडवाहू आहे, वर्षाला ज्वारीची चार पोतीच देत असेल, कबूल. पण घाईत विकणाऱ्याला भाव मिळत नाही, आणि एकदा गेलेला सातबारा तुमच्या कमाईत परत येणार नाही. यजमानांचे हात शिवणकामावर आहेत. डोळे आणि पाठ साठीपर्यंत साथ देतील का, हे आज सांगता येत नाही. ती जमीन त्यांच्या म्हातारपणाची आहे. लेकीला फुकट मिळणाऱ्या शिक्षणासाठी ती मोडायची गरज नाही.

सोनंही मोडू नका. मधल्या काळात, म्हणजे कर्जाचा हप्ता कॉलेजला जायला उशीर झाला किंवा भत्ता अडकला, तर चार-सहा महिन्यांपुरतं दोन तोळे बँकेत तारण ठेवून पैसे उचला आणि पैसे आले की सोडवून आणा. तेवढ्याच कामाचं ते.

यजमानांच्या कारखान्यात शाळा सुरू होण्याआधीचे महिने कामाचे असतील, ओव्हरटाइम असेल, आणि फीची वेळ येईपर्यंत काम मंदावलेलं असेल. गल्लीतल्या बऱ्याच घरांची हीच अडचण आहे, पैसा येतो तेव्हा खर्च नसतो आणि खर्च येतो तेव्हा पैसा संपलेला असतो. ओव्हरटाइमचे पैसे त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका, पोस्टात आरडी लावा. वर्षाचे ३०,००० म्हणजे महिन्याला २,५०० होतात. ते तुमच्या घराला जमतील, थोडी ओढाताण होईल पण जमतील.

सासूबाईंचं बोलणं तुम्हाला लागलं असणार. त्यांना टाकून बोलू नका, त्यांनी त्यांच्या काळात जे बघितलं तेच त्या बोलतात. पण मुद्दा मात्र सोडू नका. लग्नात ‘द्यायचा’ पैसा म्हणजे हुंडा असेल, तर १९६१ च्या कायद्यानं तो देणंही गुन्हा आणि घेणंही गुन्हा. तुमच्या लेकीसाठी तसला खर्च ठेवायचाच नाही, हे तुम्ही दोघांनी आजच ठरवा, आणि यजमानांनी आपल्या आईला स्वतः सांगावं. तुम्ही सांगितलंत तर ते सुनेचं बोलणं होईल.

आता धाकट्याचं. तो दहावीत आहे, म्हणजे तीन वर्षांनी त्याचाही हाच प्रश्न. मुलग्यांना १०० टक्के माफी नाही. खुल्या प्रवर्गातल्या ८ लाखांच्या आतल्या घरांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, त्यात शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. म्हणजे त्याच्यासाठी तुम्हाला लेकीपेक्षा जास्त पैसे लागणार आहेत. आज सगळं पुण्याच्या सीटवर लावलंत, तर त्याच्या वेळेला घरात उरेल काय? त्याचा कल हाताच्या कामाकडं असेल तर दहावीनंतर सरकारी पॉलिटेक्निकचा डिप्लोमा हा चांगला रस्ता आहे, नंतर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जाता येतं. पण हे त्याला विचारून. थोरलीच्या हिशेबात त्याचा रकाना आतापासून ठेवा.

लेकीला पुणं का हवंय, हेही विचारा. रागावून नाही, खरंच समजून घ्यायला. कंपन्या पुण्यात आहेत, इथली हुशार पोरं पहाटे उठून हुतात्मा एक्स्प्रेस पकडून तिकडंच जातात, हे तिनं लहानपणापासून बघितलंय. तिचं म्हणणं चुकीचं नाही. सोलापुरात नोकऱ्या कमी आहेत, हे आपण लपवायचं कशाला? पण चार वर्षं तिथं राहायला पैसे घालण्यापेक्षा शेवटच्या वर्षाच्या इंटर्नशिपसाठी सहा महिने पुण्यात राहायला तेच पैसे राखून ठेवले, तर ती कंपनीच्या दारात जाईल, आणि पाठीवर ओझं नसेल. पुढं एमटेक करायचं मनात आलं तर गेट परीक्षेतून प्रवेश मिळालेल्यांना महिन्याला १२,४०० विद्यावेतन मिळतं. त्या वेळी तिला तुमच्याकडं हात पसरावा लागणार नाही. हे तिला सांगा. चार वर्षांचा रस्ता तिला मोठा वाटतोय, तो इथंच संपत नाही.

ती कदाचित रडेल. मैत्रिणी पुण्याला गेल्या म्हणून दोन दिवस जेवणार नाही. तुम्हाला वाटेल, नको होतं सांगायला. त्या दोन दिवसांत तिला ‘तुझ्यासाठी किती केलं’ असं ऐकवू नका. यजमानांनाही आधीच बजावून ठेवा. आकडे तिनं बघितलेत, तेवढं पुरे. माझ्या भावाला कुणी असा कागद दाखवला असता तर तोही रडला असता, पण घरात बसून, गल्लीसमोर नाही.

आणि समजा सगळं बघून ती म्हणाली, मला मॅनेजमेंटचीच सीट हवी. तर मी नाही म्हणेन, आणि तुम्हीही नाही म्हणा. कारण तिचंच लिहिलेलं आहे, १९,४४,०००. तेव्हा ‘नाही’ म्हणताना आवाज चढवायची गरज पडणार नाही.

कागदपत्रांच्या नादात कॅपच्या जागेची मुदत चुकवू नका. सोमवारी सकाळी लेकीला घेऊन कॉलेजात जा, फीची फोड मागा, दाखल्यांची यादी घ्या आणि तिथूनच तहसीलला जा. त्या दिवशीच्या भाकरीच्या ऑर्डरी शेजारणीला सांगून ठेवा. फीच्या कागदावरचा कुठला आकडा कळला नाही तर तो तसाच उतरवून मला लिहा, मी समजावून सांगेन. प्रवेश झाला की कळवा, सोलापुरात झाला तरी आणि पुण्यात झाला तरी.